फंडस कॅमेरा करायचाय? सेन्सर नंतर, आधी बाहुली

प्रश्न असा आला आहे : "काका, मी इंदूरलाच इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीला मधुमेह आहे, तिच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला दर वेळी मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. हातात धरता येईल असा स्वस्त फंडस कॅमेरा प्रोजेक्ट म्हणून करायचा आहे. सेन्सर किती मेगापिक्सेलचा घेऊ? बोर्ड कोणता? आणि एआय फोनवर चालवू की सर्व्हरवर?"

तुझे तिन्ही प्रश्न कॅमेऱ्याच्या मागच्या टोकाचे आहेत. हे यंत्र अडतं ते पुढच्या टोकाला, जिथे आजीचा डोळा आहे. डोळे तपासायची यंत्रं दुरुस्त करण्यात आणि मग स्वतः बनवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यात सेन्सर चुकला म्हणून फसलेलं यंत्र मी क्वचितच पाहिलं. प्रकाश आत कसा न्यायचा आणि बाहेर कसा आणायचा हे आधी न ठरवल्यामुळे फसलेली मात्र ढिगाने पाहिली. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

बाहुली काळी का दिसते? डोळ्याच्या आत अंधार असतो म्हणून नव्हे. डोळा हे सुमारे 60 डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) भिंग आहे, म्हणजे नाभीय अंतर 17 मिलिमीटरच्या आसपास. ज्या दिव्याचा प्रकाश आत जातो, त्याच दिव्याकडे तो परत फिरतो. तो परतणारा प्रकाश पाहायचा तर आपलं डोकं दिव्याच्या जागी असायला हवं, आणि तसं केलं की आपणच प्रकाश अडवतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये तिरकी काच वापरून ही अडचण सोडवली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पहिल्यांदा नीट दिसला. पण सुटता सुटता अडचणीने रूप बदललं, आणि आज तुझ्यापुढे आहे ते हेच बदललेलं रूप आहे : एकाच चार मिलिमीटरच्या भोकातून प्रकाश आतही न्यायचा आहे आणि बाहेरही काढायचा आहे.

थोडा हिशेब करू. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, त्याचा अपवर्तनांक 1.376. हवेतून येणाऱ्या प्रकाशातला सुमारे अडीच टक्के भाग कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागावरूनच परत येतो. आता डोळ्याच्या मागच्या पडद्याकडे बघ. हिरव्या प्रकाशात पडदा शंभरातला जेमतेम एक भाग परत फेकतो, आणि तोही चारी दिशांना विखरून. त्यातला जो भाग तुझ्या निरीक्षणाच्या एक मिलिमीटर वाटेतून बाहेर पडेल, तो दहा हजारांत पाचच्या आसपास. गुणाकार केलास तर आत टाकलेल्या प्रकाशातले दहा लाखांत पाच भाग तुझ्या हाती लागतात. कॉर्नियाची चकाकी पसरत जाते, ती सगळीच सेन्सरवर येत नाही, म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये. पण तिचा लहानसा तुकडा जरी वाटेत आला तरी पडद्याचं चित्र त्याखाली बुडतं. सेन्सर 5 मेगापिक्सेलचा असो की 50, पांढऱ्या डागाखालची रक्तवाहिनी तो दाखवू शकत नाही.

यावरचा उपाय स्वीडनच्या गुलस्ट्रांडने दिला. डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरच्या कामासाठी त्याला 1911 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. उपाय ऐकायला सोपा आहे : प्रकाश जाण्याची वाट आणि येण्याची वाट बाहुलीच्या पातळीवर वेगवेगळी ठेव. फंडस कॅमेऱ्यात प्रकाश बाहुलीच्या कडेकडेने, कड्यासारखा आत जातो आणि मधल्या मोकळ्या गोलातून चित्र बाहेर येतं. त्यासाठी 45 अंशात एक आरसा बसवतात, त्याच्या मध्यभागी भोक असतं. आरशाचा चकचकीत भाग कडं आत पाठवतो, भोकातून चित्र मागे जातं. हे भोक आणि रुग्णाची बाहुली भिंगांच्या हिशेबाने एकमेकांच्या प्रतिमास्थानी असली पाहिजेत. तुझ्या सगळ्या डिझाइनमधली मुख्य अट हीच.

मी सुरुवातीला चार मिलिमीटरची बाहुली धरून चालतो. त्यात कड्याचा बाहेरचा व्यास 3.6, आतला 2.2, आणि मधली चित्राची वाट 1.2 मिलिमीटर. 2.2 आणि 1.2 मधली जी पट्टी रिकामी उरते तिला हात लावायचा नाही. नवीन माणूस पहिल्यांदा तीच खातो, कारण चित्र अंधारं येतं आणि त्याला वाटतं थोडा जास्त प्रकाश येऊ द्यावा. चित्र उजळतं खरं, पण त्याच्यावर धुरकट थरही येतो.

याखेरीज तुझ्या पुढच्या मोठ्या भिंगाचीही स्वतःची चकाकी असते, कारण आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रकाश दोन्ही त्याच्यातून जातात. त्यासाठी प्रकाशाच्या वाटेत योग्य जागी एक बारीक काळा ठिपका ठेवतात, म्हणजे भिंगाच्या ज्या मध्यभागातून चकाकी सरळ मागे येते तिथे प्रकाशच पोचत नाही. काही जण दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या) आडवे-उभे लावून हेच काम करतात. त्याने चकाकी झकास मरते. पण पहिल्या पोलरायझरमध्ये निम्मा प्रकाश गेला, पडद्यावरून विस्कटून आलेल्यातला निम्मा दुसऱ्यात गेला, हाती चौथा हिस्सा उरला. तेवढी भरपाई करायला तू एलईडी चौपट करणार, आणि त्यातला निम्मा पहिल्या पोलरायझरने खाल्ला तरी आजीच्या डोळ्यात दुप्पट प्रकाश पडणार. मला हा सौदा पसंत नाही. हातात धरायच्या यंत्रात जागाच नसेल तर नाइलाज म्हणून करावा.

एक प्रसंग सांगतो. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या फोटोंत मध्यबिंदूच्या थोडं खाली एक फिकट, कापसासारखा डाग येत होता. फार ठळक नव्हता. शहरातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांना फोटो दाखवले. त्यांनी दोन रुग्णांचे फोटो शेजारी ठेवून विचारलं, "हा कॉटन वूल स्पॉट धरायचा का?" मधुमेहाच्या रुग्णात असा डाग म्हणजे पडद्याच्या बारीक वाहिन्यांचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण. मला घाम फुटला. त्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये कॅमेरा नमुन्याच्या डोळ्यासमोर (भिंगामागे पडद्याचं छापील चित्र लावलेला बनावट डोळा) बसवला, एक फोटो काढला, मग कॅमेरा त्याच्या अक्षाभोवती पाव फेरी फिरवून दुसरा काढला. दुसऱ्या फोटोत छापलेल्या रक्तवाहिन्या पाव फेरी फिरल्या. डाग मात्र फ्रेममध्ये होता तिथेच. म्हणजे तो डोळ्यात नव्हताच, माझ्या यंत्रात होता. काळा ठिपका दोन मिलिमीटर पुढे बसला होता. ही पाव फेरीची तपासणी मी तेव्हापासून प्रत्येक यंत्रावर करतो, तूही कर. खोट्या डागामुळे एखाद्याला उगाच उपचारांना पाठवलं जाईल हे एक. त्याहून मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची : यंत्राचा डाग माहितीचा झाला की एखाद्याचा खरा डागही "हे कॅमेऱ्याचंच आहे" म्हणून सोडून दिला जाईल.

आता सेन्सर. 45 अंशांचं दृश्य टिपणाऱ्या फोटोत पडद्याचा सुमारे 13 मिलिमीटरचा भाग येतो. चित्राची वाट 1.2 मिलिमीटरची असेल तर डोळ्याचं भिंग कितीही चांगलं असो, विवर्तनामुळे पडद्यावर 10 मायक्रॉनच्या आसपासचाच तपशील सुटा दिसतो. एका पिक्सेलला पडद्याचे 5 मायक्रॉन दिलेस तर 2600 पिक्सेल लागतात. म्हणजे उभ्या-आडव्या 2600 चा चौरस, साडेसहा-सात मेगापिक्सेल, आणि कडेची गुणवत्ता तशीही उतरते म्हणून पाचसुद्धा चालतो. यापुढच्या मेगापिक्सेलनी फाइल मोठी होते, फोटोत नवं काही दिसत नाही. पैसे मोठ्या पिक्सेलवर घाल, कारण प्रकाश कमी आहे.

शटर मात्र नीट बघून घे. डोळ्यावर झगझगीत प्रकाश पडल्यावर बाहुली आकसायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. आपला फ्लॅश त्याआधी संपला पाहिजे, 10 ते 20 मिलिसेकंद पुरतात. स्वस्त मॉड्यूलमध्ये रोलिंग शटर असतं, ओळी एकामागून एक उघडतात. त्यात एवढा छोटा फ्लॅश मारलास की अर्धा फोटो उजळ, अर्धा काळा. एकतर सगळ्या ओळी एकदम उघडणारं ग्लोबल शटर घे, नाहीतर सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असतात तेवढ्याच खिडकीत फ्लॅश मार.

फ्लॅशच्या आधी नेम धरायचा तो अवरक्त प्रकाशात, 850 नॅनोमीटरच्या एलईडीने. तो प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, त्यामुळे बाहुली मोठीच राहते. इथे तीन खड्डे आहेत. पहिला : साध्या कॅमेरा मॉड्यूलमध्ये अवरक्त अडवणारी काच चिकटवलेली असते, ती काढावी लागते, आणि मग रंगीत फोटोच्या वेळी अवरक्त प्रकाश पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी लागते. दुसरा : डोळ्याचं भिंग हिरव्या आणि अवरक्त प्रकाशाला एकाच जागी आणत नाही. दोन्हींत पाऊण ते एक डायॉप्टरचा फरक पडतो, शिवाय अवरक्त प्रकाश पडद्यात खोलवर शिरतो. अवरक्तमध्ये फोकस अगदी धारदार करून फ्लॅश मारलास तर रंगीत फोटो मऊ येतो आणि आपण बिचाऱ्या रुग्णाला म्हणतो, तुम्ही हललात. फरक मोजून ठेव आणि फ्लॅशच्या क्षणी भिंग तेवढं सरकव. तिसरा खड्डा मला सांवेर रोडच्या एका लेथवर कळला. भिंगं बसवायची नळी सुंदर काळी अ‍ॅनोडाइझ करून (विजेच्या प्रक्रियेने धातूवर रंगीत थर चढवून) आणली होती. अवरक्त कॅमेऱ्यासमोर धरली तर आतून राखाडी, चांगली उजळ दिसली. डोळ्याला काळा दिसणारा अ‍ॅनोडाइझिंगचा रंग 850 ला काळा असेलच असं नाही. नळीच्या आत बारीक आटे पाडून घे आणि कार्बन ब्लॅकचा मॅट रंग दे, किंवा काळं मखमली अस्तर लाव. रंग लावण्याआधी त्याचा तुकडा अवरक्त कॅमेऱ्याखाली बघ, एका मिनिटाचं काम आहे.

पांढरा एलईडी घेताना दुकानातला सगळ्यात लख्ख, निळसर असा घेऊ नकोस. त्याचा मोठा हिस्सा 450 नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि पडद्याला निळ्या प्रकाशाचा धोका सर्वाधिक असतो तो साधारण याच पट्ट्यात. शिवाय वय झालेल्या डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, म्हणजे धोका घेऊनही आजीच्या फोटोत त्याचा उपयोग नाही. 4000 केल्व्हिनच्या (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपासचा घे. रक्तवाहिन्या आणि रक्तस्राव दिसतात ते हिरव्यात, कारण रक्त हिरवा प्रकाश शोषतं. लाल मात्र भरभरून परत येतो आणि सेन्सरचा लाल चॅनेल आधी भरून वाहतो. एक्स्पोजर ठरवताना लालवर लक्ष ठेव, नाहीतर मज्जातंतूची चकती (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा) पांढरी भगभगीत येईल आणि काचबिंदू बघणाऱ्या डॉक्टरांना त्या फोटोचा काही उपयोग होणार नाही.

आता जे सांगतो ते सोडून बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. एका रात्री टेबलावर मी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, तपासत होतो. समोर नमुन्याचा डोळा होता, माणूस नव्हता. बटण दाबलं, एलईडी लागला आणि प्रोसेसर अडकला. 15 मिलिसेकंदांचा फ्लॅश चालूच राहिला. मी प्लग ओढेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. कागदाच्या पडद्यावर ते पांढरं कडं लख्ख पडलेलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. त्यानंतर माझ्या कोणत्याही यंत्रात एलईडी फक्त सॉफ्टवेअरच्या हुकमावर नसतो. मध्ये एक वेगळं टायमर सर्किट असतं. प्रोसेसर "चालू" म्हणून कितीही ओरडला तरी ठरलेला वेळ संपला की ते करंट तोडतं, आणि पुढचा फ्लॅश काही वेळ देत नाही. करंटची कमाल मर्यादाही रेझिस्टरने बांधलेली असते, कोडमधल्या आकड्याने नाही. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी 60601-1 या मानकाचा गाभाच असा आहे की एक बिघाड झाला तरी रुग्ण सुरक्षित राहिला पाहिजे. डोळ्याच्या यंत्रांतल्या प्रकाशाच्या मर्यादा आयएसओ 15004-2 मध्ये आहेत. त्यातला हिशेब एलईडीच्या डेटाशीटवरून करायचा नसतो, कॉर्नियाच्या जागी प्रत्यक्ष मोजून करायचा असतो, तेही कॅलिब्रेट केलेल्या यंत्राने. ते तुझ्याकडे नसेल. कॉलेजमधल्या सरांना विचार, इंदुरात लेझर आणि प्रकाशशास्त्राचं काम करणारी माणसं कमी नाहीत. राजा रामण्णा केंद्र, ज्याला आपण अजून कॅटच म्हणतो, आपल्याच गावात आहे.

विजेच्या बाबतीत तुला सोपा मार्ग सांगतो : बॅटरीवर चालव, आणि चार्जर लावलेला असताना यंत्र चालूच होणार नाही असं सर्किट ठेव. भिंतीच्या विजेवर चालवायचंच असेल तर वैद्यकीय दर्जाचा, रुग्णाच्या संरक्षणासाठी दुहेरी इन्सुलेशनचा अ‍ॅडॉप्टर घे. सामान्य स्थितीत रुग्णापर्यंत पोचणारा गळतीचा करंट 100 मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या आत हवा. महाराणी रोडवर मिळणारा साधा अ‍ॅडॉप्टर रुग्णाच्या कपाळाला टेकणाऱ्या यंत्राला लावू नकोस, पाचशे रुपये वाचत असले तरी.

आणि माणसांचं काय? रामबागेजवळच्या एका शिबिरात एक सत्तरीच्या आजी आल्या होत्या. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, आणि दर वेळी बटण दाबायच्या आत डोकं मागे. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "अरे बाळा, मी हलत नाही रे, ही पट्टीच ढकलते." हात लावून पाहिला. पट्टी सरळ होती, त्यांचं कपाळ पुढे आलेलं, पाठीला बाक. पट्टी खरंच त्यांना मागे लोटत होती. मी तिथेच रुमालाची घडी खालच्या बाजूला खोचली, खुर्ची दोन विटांनी उंच केली आणि पुढचा फोटो पहिल्याच झटक्यात आला. सांधा बसवून पट्टी तिरपी होईल असं नंतर केलं. खर्च नगण्य. हातात धरायच्या यंत्रात तर हा प्रश्न दुप्पट होतो, कारण रुग्णाचं डोकं आणि तुझा हात दोन्ही हलतात. कपाळाला टेकणारा मऊ रबरी कप दे, रोज पुसता येईल असा, आणि आत बघण्यासाठी एक हिरवा ठिपका दे. टक लावायला काही दिसलं की डोळा स्थिर राहतो.

त्याच शिबिरात दुसरी गोष्ट दिसली. कागदावर मी चार मिलिमीटरची बाहुली धरतो. पण वय वाढलं की अंधारातही बाहुली तेवढी उघडत नाही, आणि बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची तर आणखी लहान राहते. म्हणजे ज्यांच्यासाठी कॅमेरा करायचा, त्यांचीच बाहुली कागदावरच्या बाहुलीपेक्षा छोटी. वर मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रकाश आतच विखुरतो. यासाठी कड्याचा आकार बदलता येईल अशी दुसरी, लहान चकती ठेव, थोडा अंधार झाला तरी चालेल. बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा. ज्यांच्या डोळ्याचा पुढचा कोन अरुंद असतो त्यांना थेंबांनी एकाएकी दाब वाढू शकतो, आपण त्यात पडायचं नाही. आणि फोटो वाईट आला तर यंत्राने स्पष्ट म्हणावं, "फोटो तपासण्याजोगा नाही, डॉक्टरांकडे पाठवा". वाईट फोटोवर "ठीक आहे" असा शेरा देणारं यंत्र मी कुणाच्याही हाती देणार नाही. तुझ्या एआयच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. पहिलं मॉडेल रोग ओळखणारं करू नकोस, फोटो चांगला की वाईट एवढंच सांगणारं कर. ते लहान असतं, फोनवर सहज चालतं, आणि रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच दुसरा फोटो काढता येतो.

कायद्याचं थोडक्यात. असं यंत्र विकायचं म्हटलं की 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. माणसांवर चाचणीसाठी बनवायचं असेल तर एमडी-13 हा चाचणी परवाना आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. तोवर मित्राच्या डोळ्यावर "एकदाच बघू" असं करायचं नाही. आजीच्याही नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मग कशावर काम करायचं? नमुन्याचा डोळा घरी बनतो. 17 मिलिमीटर नाभीय अंतराचं एक बाजू सपाट, एक बाजू फुगीर असं साधं भिंग घे, कोटिंग नसलेलं. त्याच्या फुगीर बाजूची त्रिज्या पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते. खऱ्या कॉर्नियाची 7.8 असते, म्हणजे पुष्कळ जवळ. कोटिंग नसल्यामुळे चकाकी चार टक्के, खऱ्या डोळ्याहून जास्त. हे आपल्या फायद्याचंच, कारण इथे चकाकी गेली तर खऱ्या डोळ्यातही जायची आशा धरता येते. फुगीर बाजू बाहेर ठेव, मागे काळ्या कार्डबोर्डला चार मिलिमीटरचं भोक पाडून लाव, आणि त्यामागे वाटीसारख्या वाकवलेल्या कागदावर पडद्याचं छापील चित्र. आणखी एका कार्डला अडीच मिलिमीटरचं भोक पाडून ठेव, ती आजीची बाहुली.

तू अजून सेन्सर विकत घेतला नसशील तर आत्ता घेऊही नकोस. एलईडी, कड्याची चकती, भोकाचा आरसा आणि पुढचं भिंग एवढंच लाकडी पाटावर मांड. बाहुलीच्या जागी बटर पेपर धर आणि त्यावर पडलेलं कडं पट्टीने मोज, चारही बाजूंनी सारखं आहे का तेही बघ. आतला व्यास 2.2 च्या खाली जात असेल तर मधे काहीतरी विखुरतंय, बहुतेक चकतीची धार. रविवारी सकाळी मी वर्कशॉपवर असतो. पाट उचलून आणता आला तर उत्तम, नाहीतर तो बटर पेपर आणि त्यावर पेन्सिलने आखलेले दोन गोल घेऊन ये.